आज्ञेसरशी घट्ट होणारे द्रव

हिवाळ्यात बाटलीतील खोबरेल थिजते आणि ऊन लागले की पुन्हा वाहू लागते. या बदलास बराच वेळ लागतो. परंतु कळ दाबताच, डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घट्ट होणारे आणि कळ बंद करताच पूर्ववत पातळ होणारे द्रवही आहेत. त्यांना ‘स्मार्ट’ द्रव असे म्हणतात.

अमेरिकेतील विलिस विन्स्लो यांना अशा द्रवाच्या उपयोगाचे पेटंट १९४७ मध्ये मिळाले. तेलात सूक्ष्म कण मिसळून ते मिश्रण धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवावे आणि पट्ट्यांना विद्युत् दाब द्यावा, म्हणजे प्रत्येक कणाचे एक टोक धन व दुसरे ऋण बनते. विरुद्ध टोके परस्परांस ओढतात, कणांच्या साखळ्या जुळतात आणि द्रवाचे वाहणे अडते. मात्र त्यासाठी दर मिलिमीटर अंतरास हजारो व्होल्ट दाब लागतो. पुढे १९४८ च्या सुमारास जेकब रॅबिनो यांनी लोहकण आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या साहाय्याने हाच परिणाम साधला. हे द्रव कितीतरी अधिक बळकट असून त्यांस मोटारीच्या बॅटरीएवढा दाबही पुरतो.

टोकियो येथील एका विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत २००१ मध्ये भूकंपाचे हादरे शोषण्यासाठी असा द्रव भरलेली साधने बसविण्यात आली. येथेच खरी अडचण ध्यानात येते. भूकंप सांगून येत नाही. वर्षानुवर्षे निश्चल असलेला द्रव नेमक्या त्या क्षणी सिद्ध असावयास हवा. लोखंड तर तेलाहून आठ-नऊ पट जड. त्याचे कण हळूहळू तळाशी बसतात, शिवाय गंजतात.

यावर उपाय म्हणून कणांवर पॉलिमरचा पातळ लेप देण्यात येतो. लेपामुळे कणाची सरासरी घनता घटते, कण एकमेकांस चिकटत नाहीत आणि गंजही रोखला जातो. लोखंड विजेचे सुवाहक असल्याने उघड्या कणांच्या साखळीतून विद्युत् प्रवाह सरळ वाहून जाण्याचा धोका असतो. लेप तोही टाळतो. पॉलिअॅनिलीनसारख्या, विजेचे अल्प वहन करणाऱ्या पॉलिमरचा लेप दिल्यास तोच कण विद्युत् आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांना प्रतिसाद देतो.

अर्थात लेप जाड झाला, तर कणातील लोखंडाचा वाटा घटतो आणि चुंबकीय बळ उणावते. म्हणून लेप किती जाड असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. द्रवाचे सामर्थ्य लोखंडात असले, तरी ते वेळेवर उपयोगी पडेल की नाही, हे बव्हंशी त्या पातळ आवरणावर अवलंबून असते.