नवतप्यात टिकणारा गेमिंग पीसी

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दरवर्षी तो इतका चढत नाही, पण मे महिन्यात ४४-४५ अंशांचं इथं कुणालाच नवल वाटत नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या सुमारास येणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. नेमक्या याच दिवसांत बारावी आटोपलेली मुलं आईबाबांना गेमिंग पीसीसाठी गळ घालतात. सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानातून पन्नास-साठ हजारांचं कोटेशन येतं. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, ग्राफिक्स कार्ड असतं. खोलीचं तापमान कुठंच नसतं. माझ्या मते नागपुरात हा हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा.

प्रोसेसर जितकी वीज घेतो, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता हवेत सोडायची तर चिप हवेपेक्षा गरम असावीच लागते. किती गरम, हे विजेवर आणि हीटसिंकच्या कुवतीवर ठरतं. काम तेच आणि हीटसिंक तोच असेल, तर हा फरक साधारण कायम राहतो. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत ७५ वर असलेली चिप ४२ अंशांच्या खोलीत ९५ वर जाते. इंटेलच्या आय५-१२४०० या बजेटातल्या लोकप्रिय प्रोसेसरची मर्यादा आहे १०० अंश. ती गाठली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि ऐन रंगात आलेला गेम अडखळू लागतो. याच चिपवर ६५ वॉटचा आकडा असतो, पण पूर्ण जोर लावला की ती ११७ वॉटपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे डब्यात मिळणाऱ्या पंख्याऐवजी उंच टॉवर हीटसिंक घेणं नागपुरात चैन ठरत नाही. पाण्याच्या कूलिंगवर मात्र या बजेटात पैसे घालू नयेत. पाणीसुद्धा शेवटी खोलीच्याच हवेत उष्णता सोडतं. खोलीपेक्षा थंड ते काहीच करू शकत नाही.

कॅबिनेट निवडताना मुलांचं मन पुढून काचबंद, रंगीत दिव्यांच्या पेटीवर बसतं. ते स्वाभाविक आहे, पण काचेतून हवा जात नाही. पुढं जाळी, जाळीमागं धुता येणारं फिल्टर, हवा आत घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, एवढं बघावं. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही.

आता आपला वाळ्याचा कूलर. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरू शकते. घरातला बरा कूलर ती तिशीच्या आसपास आणतो. पीसीतला कुठलाही महागडा भाग असे पंधरा अंश उतरवून देत नाही. मात्र पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर तुषार आणि पाण्यातले क्षारही येतात. समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि कूलरचा गुण संपतो. जुलैच्या दमट हवेत तो तसाही संपलेलाच असतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. चांगल्या कंपन्या आपला वॉटचा आकडा ४० किंवा ५० अंशांना खरा ठरेल असा देतात. स्वस्त मालाचा आकडा पुष्कळदा २५ अंशांपुरता असतो. शिवाय आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीला अंदाजे निम्मं आयुष्य गमावतात. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर पूर्ण पीसीची जबाबदारी टाकू नये, हे मी आग्रहानं सांगेन.

ग्राफिक्स कार्डात फसगत होते ती जीबीच्या आकड्यानं. २०१४ सालचं जीटी ७३० अजूनही ‘४ जीबीचं कार्ड’ म्हणून विकलं जातं. पण त्याच्या एका डीडीआर३ आवृत्तीची मेमरी सेकंदाला १४.४ जीबीच माहिती हलवू शकते. आरएक्स ६६०० किंवा ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० तेवढ्याच वेळात २२४ जीबी हलवतं. १०८० पीच्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके सेकंदाला साठदा रंगवायचे असतात; तिथं साठवणीइतकाच हा वेग महत्त्वाचा. ही दोन्ही कार्डं १३० वॉटच्या आसपास वीज घेतात, आणि बेताच्या खोलीसाठी तेवढी पुरे.

२०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळं रॅमचे भाव चढले आहेत. तरीही १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन वाटांनी माहिती वाहते. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षावर ढकलून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवायचं असेल, तर दोन पट्ट्या हव्याच.

एक उपाय मात्र पूर्ण फुकट आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले तर वेगाचा दहावा हिस्सा जातो, पण वीज आणि तिच्यासोबतची उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये विजेची मर्यादा खाली ओढता येते, आणि गेमला साठ फ्रेमचं बंधन घालता येतं. पडदा ६० हर्ट्झचाच असेल तर नव्वद फ्रेम काढायला जाळलेली वीज फक्त खोली तापवते.

पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघावा, आणि प्रोसेसरच्या तापमानासोबत दुकानातल्या हवेचंही तापमान टिपावं. एसीत २६ अंशांना प्रोसेसर ८० दाखवत असेल, तर ४३ अंशांच्या खोलीत तो ९७ दाखवेल. असा हीटसिंक तिथल्या तिथं बदलून घ्यावा.