बंदूक, दुर्बीण आणि म्हैस

थंडीच्या दिवसांत एकदा पहाटे नाशिकहून निघा आणि निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी इथे बंधारा झाला. बांधणाऱ्यांना हवे होते कालव्यांसाठी पाणी. पाखरे त्यांच्या गावीही नव्हती. पण नद्यांनी गाळ आणला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणगवत माजले आणि त्या उथळ पाण्यात थापट्या, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या येऊन उतरू लागल्या. 1986 साली हे अभयारण्य झाले. 2019 साली रामसर कराराच्या यादीत महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून नाव लागले तेही याचेच. लोक हिला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. ही उपमा डॉ. सलीम अलींनी दिली असे सांगतात.

उपमा ऐकायला गोड आहे, नाही असं नाही. पण भरतपुरात पुढे काय घडले ते ठाऊक नसताना ती मिरवू नये, असे मला वाटते. आणि त्यासाठी आधी सलीम अलींच्या हातातल्या बंदुकीपासूनच सुरुवात केली पाहिजे.

होय, बंदूकच! 1896 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि मुंबईत खेतवाडीत मामांच्या घरी वाढला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हौशी शिकारी. त्यांनी भाच्याला छऱ्यांची बंदूक दिली आणि चिमण्यांवर संक्रांत आली. तबेल्यातल्या एका घरट्यावरचे आठ नर त्याने आठवडाभरात टिपले. पण गंमत पाहा, दर वेळी मादीने नवा जोडीदार आणला, हे त्याने लिहूनही ठेवले. मारता मारता पोरगा पाहू लागला होता. पुढे एक चिमणी पडली तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामांना ओळख पटेना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखवले. पुढचे आयुष्य त्या खणांतून निघाले म्हणा ना! 1930 साली हाताला नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला बसून त्यांनी सुगरणींची घरटी पाहिली आणि एकच नर अनेक माद्यांसाठी घरटी विणतो हे दाखवून दिले.

आता भरतपूर. तेही निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नव्हे. बांध घालून अडवलेले उथळ पाणी. संस्थानिकांनी ते बदकांच्या शिकारीसाठी जपले. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर ‘हे पाणी काढून शेती करू द्या’ अशी मागणी आली. मागणी करणाऱ्यांना दोष कसा द्यावा? पोट त्यांनाही होतेच. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन पाणथळ वाचवली. बंदूक धरणारा हात अर्जविनंत्या लिहू लागला होता.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण 1982 साली भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि आत गुरे चारायला बंदी आली. सलीम अलींचाही बंदीला पाठिंबा होता. पिढ्यान्पिढ्या म्हशी घेऊन येणारे गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि मग दुसरीच बाजू समोर आली. म्हशी पाण्यात शिरून जे गवत खात होत्या, ते आता बेसुमार वाढले. उघडे पाणी झाकले गेले. बदकांना उतरायला जागा कमी झाली, मासेही घटले. हा निष्कर्ष कुणा विरोधकाचा नव्हे. तो सलीम अलींच्याच सोसायटीने 1980 ते 1990 अशी दहा वर्षे केलेल्या अभ्यासातून निघाला. अभ्यास पुरा झाला तेव्हा ते हयात नव्हते. 1987 सालीच त्यांचे निधन झाले. ज्या सवयीने त्यांनी तबेल्यातले नर मोजले, त्याच सवयीने त्यांच्या मागच्या माणसांनी गवत मोजले, एवढेच मी म्हणेन.

तेव्हा नांदूरमध्यमेश्वरचा प्रश्न नुसता ‘पाखरे वाचवा’ म्हणून मिटत नाही. गाळ साचला की पाणी साठवायची जागा जाते. पण त्याच गाळावर तुतवार चरतात. पाणी कालव्याला केव्हा आणि किती सोडायचे, यावर शेतकऱ्याचे पीक ठरते आणि चिखल उघडा पडायची वेळही. भोवती द्राक्षाचे मळे, त्यांवरची औषधफवारणी, शिवारातून वाहून येणारी खते. जलपर्णीला आणखी काय हवे?

मागल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन चापडगावच्या बाजूने गेलो होतो. वाट दाखवायला गावातलाच एक तरुण होता. गळ्यात दुर्बीण, घरी द्राक्षाची बाग. काठाला दोन म्हशी पाण्यात उतरल्या. मी त्याला भरतपूरची हकिकत सांगितली आणि विचारले, “इथं म्हशी हव्यात की नकोत?”

तो जरा वेळ पाहत राहिला. म्हणाला, “सर, आमचे आजोबा म्हणायचे हव्यात, साहेब लोक म्हणतात नकोत. पण इथलं गवत कुणी मोजलंय का?”

माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकीने वही काढली आणि त्याला विचारले, कुठून सुरुवात करायची.