लिहिलेल्या शब्दाची वाटचाल

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड असे दोन तालुके वसले आहेत. शिरूर हे घोड नदीच्या काठचे जुने गाव. त्याच तालुक्यातील रांजणगाव महागणपतीच्या मंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते आज मोठ्या औद्योगिक वसाहतीसाठीही ओळखले जाते. दौंड हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन आहे. तेथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत आणि जवळच कुरकुंभला कारखान्यांची वसाहत आहे. साहजिकच या दोन तालुक्यांतील मुलामुलींपैकी कोणाला कारखान्यात तंत्रज्ञ व्हावेसे वाटते, कोणाला रेल्वेत नोकरी हवी असते, तर कोणी पोलीस भरतीसाठी भल्या पहाटे उठून धावण्याचा सराव करीत असतो. अभ्यास, आरोग्य आणि परिश्रम यांवर ही स्वप्ने उभी असतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु अलीकडच्या काळात आणखी एका गोष्टीचा परिणाम त्यांच्यावर होऊ लागला आहे. ती गोष्ट म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर सहज लिहिलेला शब्द.

माणूस बोलतो आणि माणूस लिहितो, या दोन क्रियांत पूर्वीपासूनच मोठे अंतर आहे. आठवड्याच्या बाजारात रागाच्या भरात एखादा मनुष्य काही वावगे बोलला, तर ते ऐकणारे दहा-वीस जण असतात. त्यांना त्या रागाचे कारण दिसते, बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि थोड्या वेळाने त्याला पश्चात्ताप झालेलाही दिसतो. बाजार उठला की ते बोलणेही विरून जाते. समाजमाध्यमावरील लेखनाचे तसे नाही. वरवर पाहता ते गप्पांसारखे वाटते. वस्तुतः ते दस्तऐवजासारखे टिकते. गप्पांची मोकळीक आणि कागदाचा टिकाऊपणा यांची ही गाठ पडल्यामुळेच पुष्कळ जण फसतात.

या लेखनाचे तीन विशेष लक्षात घेतले पाहिजेत. पहिला विशेष टिकाऊपणाचा. मोबाईलवर लिहिलेला मजकूर केवळ त्या मोबाईलमध्ये राहत नाही. तो दूरवरच्या संगणकांत साठविला जातो आणि तेथून इतरांच्या पडद्यावर पोहोचतो. वाचणाऱ्याने त्या पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवले, तर मूळ लेखकाने आपला मजकूर पुसून टाकला तरी त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती उरतेच. अशा वेळी पुसण्याची धडपड म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशातलाच प्रकार होतो. चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होणारे स्टेटसही याला अपवाद नाही.

दुसरा विशेष प्रसाराचा. पाच मित्रांसाठी लिहिलेली ओळ त्यांतील एकाने पुढे धाडली की ती पन्नास जणांकडे जाते आणि त्या पन्नासांकडून हजारोंकडे. डिसेंबर 2013 मध्ये घडलेली एक घटना या बाबतीत जगभर चर्चिली गेली. लंडनहून केपटाऊनला निघालेल्या एका महिला अधिकाऱ्याने विमानात बसण्यापूर्वी ट्विटरवर एक असभ्य विनोद लिहिला. तिचे लेखन नियमित पाहणारी माणसे जेमतेम 170 होती. प्रवास सुमारे अकरा तासांचा होता. तेवढ्या अवधीत तो विनोद लक्षावधी लोकांपर्यंत गेला, आणि विमान उतरल्यावर आपण जगाच्या संतापाचा विषय झालो आहोत, हे तिला कळले. तिची नोकरी गेली.

तिसरा विशेष असा की, लिहिलेला शब्द आपल्या संदर्भापासून तुटतो. थट्टा कोणत्या प्रसंगी केली, कोणाशी केली, त्या वेळी लिहिणाऱ्याचे वय काय होते, यांपैकी काहीही त्या शब्दाबरोबर प्रवास करीत नाही. वाचणारा अनोळखी मनुष्य फक्त ओळ वाचतो आणि तिच्यावरून माणसाची किंमत ठरवितो. शितावरून भाताची परीक्षा करण्याची सवय माणसाला आहेच. येथे तर ते शीत कित्येक वर्षांपूर्वीचे शिळे असू शकते.

या शेवटच्या विशेषाचे उदाहरण क्रिकेटच्या मैदानावर पाहावयास मिळाले. 2 जून 2021 रोजी इंग्लंडचा जलदगती गोलंदाज ऑली रॉबिन्सन हा लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास उतरला. खेळाडूच्या आयुष्यातील याहून आनंदाचा दिवस तो कोणता? परंतु त्याच दिवशी, तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याने केलेले वर्णद्वेषी व स्त्रियांविषयी अनुदार लेखन लोकांसमोर आले. त्या सामन्यात त्याने सात बळी घेतले. तरीही त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित करण्यात आले आणि पुढचा सामना त्याला खेळता आला नाही. त्याने जाहीर क्षमा मागितली, चौकशीला तोंड दिले आणि दंडही भरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पुन्हा संघात आला व भारताविरुद्ध लीड्सच्या कसोटीत सामनावीर ठरला. चुकलेल्या माणसाला परतण्याची वाट असते, हे यावरून दिसते; पण ज्या दिवसाची त्याने बालपणापासून वाट पाहिली असेल, तो दिवस मात्र त्याच्या जुन्या शब्दांनी झाकोळला.

नोकरी किंवा प्रवेश देणारे लोक असे जुने लेखन का पाहतात, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. गुणपत्रिकेवरून उमेदवाराचे ज्ञान कळते. परंतु तो सहकाऱ्यांशी कसा वागेल, गुप्त गोष्टी गुप्त ठेवील काय, सर्व जातिधर्मांच्या लोकांना सारखे लेखील काय, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून मालक आणि संस्था उमेदवाराच्या वर्तनाची इतर साधनांनी चाचपणी करतात. 2017 साली अमेरिकेतील हार्वर्ड या विख्यात विद्यापीठाने निदान दहा विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश मागे घेतला. त्यांनी फेसबुकवरील एका खाजगी गटात अत्यंत हीन स्वरूपाचे विनोद एकमेकांना पाठविले होते. गट खाजगी होता, पण विनोद खाजगी राहिले नाहीत. परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांनाही याचा अनुभव येतो. 2019 पासून अमेरिकेच्या प्रवेशपरवान्याच्या, म्हणजे व्हिसाच्या, अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती विचारली जाते. आणि जून 2025 मध्ये विद्यार्थ्यांनी आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, असे त्या देशाने सांगितले.

आपल्या राज्यातही याविषयीचे नियम अधिक स्पष्ट झाले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 रोजी शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी निर्णय प्रसिद्ध केला. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागदपत्रे प्रसृत करू नयेत, द्वेष पसरविणारा मजकूर पुढे पाठवू नये, अशा सूचना त्यात आहेत. त्यांचा भंग करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिक्षक, तलाठी, पोलीस शिपाई किंवा ग्रामसेवक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला या शिस्तीची ओळख आधीपासून असलेली बरी.

भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते. उमेदवारावर कधी गुन्हा नोंदविला गेला आहे काय, हे त्याला लिहून द्यावे लागते आणि पोलीस त्याची शहानिशा करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग यांच्या खटल्यात याविषयी महत्त्वाची तत्त्वे सांगितली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. ती लपविल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र लहान वयात घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब असेल, तर नेमणूक करणाऱ्यास ती दृष्टीआड करता येते, असेही न्यायालयाने म्हटले. सारांश, गुन्ह्याची नोंद झाली म्हणजे सर्व दारे बंद झालीच असे नाही. पण प्रत्येक दारापाशी त्या नोंदीचे स्पष्टीकरण देत उभे राहावे लागते.

एका मजकुराने किती अनर्थ ओढवू शकतो, हे दौंड तालुक्याने जवळून पाहिले आहे. 1 ऑगस्ट 2025 रोजी यवत येथे समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव प्रक्षुब्ध झाला. दगडफेक व जाळपोळ झाली, मालमत्तेची हानी झाली आणि पोलिसांना अश्रुधुराचा वापर करावा लागला. गावात जमावबंदी लागू झाली. पुढे गुन्हे नोंदविले गेले व अटकाही झाल्या. या घटनेत दोन दोष एकत्र आले होते. एक दोष अविचाराने लिहिण्याचा. दुसरा, वाचताच विचार न करता दगड उचलण्याचा. यांपैकी दुसऱ्या दोषाला पहिल्या दोषाची सबब देता येत नाही. मजकूर आक्षेपार्ह वाटला तर पोलिसांकडे तक्रार करण्याचा मार्ग प्रत्येकास मोकळा असतो. तो सोडून जमावात शिरणारा तरुण क्षणभराच्या आवेशात आपल्या पुढील वर्षांची घडी स्वतःच विस्कटून टाकतो.

तर मग लिहूच नये काय? मत मांडूच नये काय? असा अर्थ मुळीच नाही. भारतीय राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास भाषणाचे व विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याबरोबरच सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, इतरांची अब्रू अशा कारणांसाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची तरतूदही केली आहे. बंधने वाजवी आहेत की नाहीत, याचा निर्णय न्यायालये करतात. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. या प्रकरणाने देशभर खळबळ उडाली आणि श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66 अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

मे 2025 मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीवर असाच प्रसंग आला. भारत व पाकिस्तान यांच्यातील संघर्षाविषयीचा दुसऱ्याचा एक मजकूर तिने पुढे प्रसृत केला. थोड्याच वेळात तिने तो काढून टाकला व क्षमाही मागितली. तरीही तिला महाविद्यालयातून काढण्यात आले आणि अटक झाली. परीक्षा चालू असताना ती तुरुंगात होती. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका करण्याचा आदेश दिला, तिच्यावरील महाविद्यालयाच्या कारवाईस स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू देण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीचे आयुष्य अशा रीतीने उद्ध्वस्त करणे योग्य नव्हे, असा न्यायालयाचा रोख होता.

या दोन प्रकरणांवरून समाजाने घ्यावयाचा धडा वेगळा आहे. चूक आणि शिक्षा यांत प्रमाण असावे लागते. कोवळ्या वयात लिहिलेल्या एका ओळीवरून कोणाला जन्मभर अपात्र ठरविणे हा न्याय नव्हे. शाळा, महाविद्यालये आणि मालक यांनी ओळ वाचावी, पण तिच्यामागचे वय, हेतू व नंतरचे वर्तनही पाहावे. मात्र दुसऱ्याने न्याय करावा म्हणून आपण अविचार करावा, असेही नाही. न्यायालयाने दिलेली परीक्षेची संधी मोलाची खरी. परंतु तुरुंगात गेलेले दिवस कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

बालकांच्या बाबतीत कायद्याने काही अधिक काळजी घेतली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे तत्त्व घालून दिले आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे खाते उघडण्यास किमान तेरा वर्षांचे वय लागते. त्यामुळे खोटे वय सांगून उघडलेल्या खात्याची सुरुवातच असत्याने होते, आणि तेथे लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी मात्र खरीच असते.

लेखनाचा टिकाऊपणा हा केवळ भीतीचा विषय नाही. ज्या साधनाने दोष टिकतात, त्याच साधनाने गुणही टिकतात. एखाद्या विद्यार्थिनीने भीमेच्या काठावरील पक्ष्यांची छायाचित्रे काढून त्यांखाली नोंदी लिहिल्या, एखाद्या विद्यार्थ्याने शेतातील पंपाची दुरुस्ती कशी करावी हे सोप्या भाषेत समजावून सांगितले, तर तो मजकूरही वर्षानुवर्षे राहतो. उद्या कारखान्यातील अधिकारी किंवा महाविद्यालयाचे प्राचार्य त्यांचे नाव शोधतील, तेव्हा त्यांना जिज्ञासा, चिकाटी आणि सभ्य भाषा यांचा पुरावा मिळेल.

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी म्हण आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. आता जिभेची जागा बोटांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक. बोट पडद्याला टेकविण्यापूर्वी काही प्रश्न मनाशी विचारता येतात. हे खरे आहे काय? ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्यासमोर उभे राहून हे वाचून दाखविता येईल काय? गुरुजनांनी किंवा आईवडिलांनी हे पाहिले तर संकोच वाटेल काय? राग उतरल्यावर उद्या सकाळीही हेच लिहावेसे वाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मिळाली, तर लिहिणाऱ्याने निर्भयपणे लिहावे. आणि चूक झालीच, तर ती लपवून न ठेवता मजकूर काढावा, दुखावलेल्या माणसाची क्षमा मागावी व घरातील वडीलधाऱ्यांना वेळीच सांगावे. विचारपूर्वक लिहिलेला शब्द कितीही दूर गेला, तरी लिहिणाऱ्याला त्याच्यापासून तोंड लपवावे लागत नाही.