चेहऱ्यावरील छाया आणि परतलेला प्रकाश

मनुष्याचें छायाचित्र घ्यावयाचें म्हणजे त्यास उन्हांत उभें करावें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु भर दुपारीं काढलेलें असें चित्र पाहावें, तों कपाळ व नाक पांढरेंफटक आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याकुट्ट! मग ‘चित्र काळें आलें’ म्हणून दोष दिला जातो तो चेहऱ्याच्या वर्णास. वस्तुतः दोष वर्णाचा नसून प्रकाशाच्या वांटणीचा असतो.

आपला डोळा ऊन आणि सावली हीं दोन्हीं एकाच वेळीं सांभाळून घेतो. कॅमेऱ्यास तें तितकें साधत नाहीं. उजळ भाग नीट टिपावा, तर सावलींतील भाग काळा पडतो; सावली उकलावी, तर उजळ भागांतील बारकावे नाहींसे होतात. यास्तव सावलींत थोडा प्रकाश पोंचविला पाहिजे. त्याकरितां दुसरा दिवा नको. चेहऱ्याच्या बाजूनें निघून जाणारा प्रकाश अडवून परत फिरविला, कीं पुरे. हें काम करणाऱ्या वस्तूस परावर्तक म्हणतात.

निसर्गांत याचें सुंदर उदाहरण आहे. शुद्ध तृतीयेची चंद्रकोर पाहिली असतां चंद्राचें उरलेलें बिंबही अंधुक दिसतें. त्या भागावर सूर्याचे किरण थेट पडत नसतात. पृथ्वीवरून परतलेला प्रकाश तो भाग किंचित् उजळीत असतो.

परावर्तक दोन प्रकारचे असतात. आरशावर किरण ज्या कोनानें येतो, त्याच कोनानें परततो. म्हणून त्याचा झोत तीव्र असतो व समोरचा मनुष्य डोळे मिटूं लागतो. पांढरें धोतर, जाड कागद किंवा चुन्यानें रंगविलेली भिंत यांवरून मात्र प्रकाश चहूंकडे विखुरतो व सौम्य होतो. चेहऱ्यास हाच मानवतो. शिवाय परतणारा प्रकाश पृष्ठभागाचा रंग बरोबर आणतो. आपल्या रत्नागिरींत जांभ्याच्या भिंतीलगत उन्हांत उभ्या राहिलेल्या मनुष्याचा गाल तांबूस दिसतो, आणि केळींच्या दाट पानांपाशीं तोच हिरवट वाटतो. म्हणून परावर्तक पांढराच बरा.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रयोग घरीं करून पाहा. सकाळीं पडवीच्या कडेस एखाद्यास असें बसवा, कीं अंगणांतील उजेड त्याच्या एका गालावर पडेल. दुसऱ्या बाजूस दोघांनीं पांढरें धोतर ताणून खांद्याच्या उंचीवर, उजेड झेलील असें तिरकें धरावें. तें हळूहळू जवळ आणा. डोळ्याची खोबण उकलूं लागेल. परंतु छाया अगदीं नाहींशी होऊं देऊं नका. छायेबरोबर नाकाची ठेवण व गालाची गोलाई हींही जातात. प्रकाश खालून मात्र टाकूं नये, नाहींतर चेहऱ्याचा बागुलबुवा होतो!

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं पडद्यावर आणलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचें चित्रण सूर्यप्रकाशांत झालें होतें. पुढें विजेचे दिवे आले, तरी परतलेल्या प्रकाशाचें महत्त्व कमी झालें नाहीं. १९५६ सालच्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटाकरितां काशींतील एका घराच्या चौकाचा देखावा स्टुडिओंत उभारला होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीं वर पांढरें कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावर टाकला, आणि तेथून परतलेला मृदु प्रकाश पात्रांवर पडूं दिला. उघड्या आकाशांतून चौकांत उतरणाऱ्या उजेडाचाच तो भास होता.

शेवटीं एक गोष्ट पालकांसही सांगावीशी वाटते. चेहरा उजळणें म्हणजे तो गोरा करणें नव्हे. आज यंत्राच्या एका कळीसरशीं वर्ण पालटतां येतो; पण त्याबरोबर आजीच्या कपाळावरील रेषा पुसल्या जातात आणि नातवंडांच्या हातीं परक्याच बाईचें चित्र राहतें. तिला पडवींत बसवा, शेजारीं पांढरें धोतर धरा, आणि जसा तिचा वर्ण आहे तसाच तो नीट दिसूं द्या.