चाकांवरचे घर आणि न सांगितलेली दुखणी

२०२५ च्या जानेवारीत माझा मावसभाऊ आणि वहिनी महिनाभरासाठी अमेरिकेहून आले होते. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, इंजिनिअर. उभी नोकरी न्यू जर्सीत झाली. एका रात्री दवाखाना बंद करून घरी आलो, जेवणे झाली, आणि वहिनींनी एक फुगलेली फाईल माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, एका वर्षात नऊ दवाखाने झाले. सगळे कागद यात आहेत. वाचून सांगा, आमचं चुकलं कुठं?"

फाईल वाचायला मला दोन रात्री लागल्या. वाचता वाचता त्यात माझीही एक चूक सापडली. ती हकीकत आज सांगतो आहे, अर्थात दोघांच्या परवानगीने. गोष्ट अमेरिकेतली असली तरी आपल्या गावातल्या निम्म्या घरांना ती लागू पडेल.

घर विकले, गाडी घेतली

अमेरिकेत 'आर. व्ही.' म्हणून एक प्रकार आहे. आपल्या एस. टी. एवढी किंवा तिच्याहून थोडी लहान गाडी. तिच्यातच पलंग, ओटा, गॅस, फ्रीज, न्हाणीघर आणि संडास. पाण्याची टाकी भरून घ्यायची, सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागी रिकामी करायची आणि वाटेल तिथे मुक्काम करायचा. निवृत्तीनंतर राहते घर विकून बारा महिने अशा गाडीत राहणारी पुष्कळ मंडळी तिकडे आहेत. काहींची ती हौस असते, तर काहींना घरभाडे झेपत नाही म्हणून ही वाट धरावी लागते. 'नोमॅडलँड' हा चित्रपट अशाच लोकांवर आहे. त्याला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

दादा-वहिनींची हौसच होती. २०२३ च्या मे महिन्यात दोघे निघाले. दादा तेव्हा ६७ वर्षांचा. पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी. वहिनी ६२ वर्षांच्या. त्यांना 'काहीच नाही', असे त्यांचे म्हणणे. वजन मात्र बरेच वाढलेले. लेक न्यू जर्सीतच राहते. तिला हा बेत पसंत नव्हता. "आजारी पडलात तर कुठं शोधू तुम्हाला?" असे ती म्हणाली होती.

चाकांवर राहणाऱ्यालाही सरकारदरबारी एक पत्ता लागतो. साउथ डकोटा राज्यात टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता आणि एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली, की वाहनपरवाना मिळतो. दोघांनी तेच केले. ज्या राज्यात एक रात्र झोपले, ते कागदोपत्री त्यांचे घर झाले. पुढची सगळी गुंतागुंत या पत्त्यापासून सुरू होते.

आधी चांगले ते सांगतो

डॉक्टर नेहमी दुखणीच मोजतो, म्हणून आधी जमेची बाजू. पहिले सहा महिने दादाची प्रकृती इतकी सुधारली, की मी फोनवर त्याचे अभिनंदन केले होते. रोज सकाळी तासभर चालणे, संध्याकाळी मुक्कामावरच्या शेजाऱ्यांबरोबर गप्पा, जेवण घरचे. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठावरून सातावर आली. जुलैत दोन्ही नातवंडे पंधरा दिवस गाडीत राहून गेली. ते पंधरा दिवस आयुष्यातले सर्वात सुखाचे, असे वहिनी आजही म्हणतात.

पहिला खडा लागला तो ऑक्टोबरात, कोलोरॅडोच्या डोंगरात. तेच जेवण, तेच इन्शुलिन, तरीही साखर साडेतीनशेवर. दोन दिवसांनी कारण सापडले. इन्शुलिनची कुपी फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठली होती. गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी भरवशाचे राहत नाही, ते फेकूनच द्यावे लागते. नवी कुपी घेतली आणि साखर उतरली. आपल्याकडेही इन्शुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. त्याची जागा फ्रीजच्या दारात.

वाळवंटातला खोकला

थंडी सुरू झाली की हे गाडीवाले दक्षिणेकडे सरकतात. ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात तिथल्या वाळवंटात गाड्यांची मोठी जत्राच भरते. दादा-वहिनी डिसेंबर आणि जानेवारी तिथे राहिले. वारा सुटला की धुळीचे लोट उठायचे. फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला ते निघाले आणि दहा-बारा दिवसांत दादाला ताप, कोरडा खोकला आणि छातीत दुखणे सुरू झाले. तोपर्यंत गाडी न्यू मेक्सिको राज्यात पोचली होती.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. न्यूमोनिया दिसला. सात दिवस अँटिबायोटिक दिले. ताप थोडा उतरला, खोकला राहिला. गाडी टेक्सासात गेली. तिथे दुसरा डॉक्टर, दुसरे अँटिबायोटिक. रात्री अंथरूण ओले होईल एवढा घाम, सांधे दुखणे, वजन चार किलो कमी. एका रात्री दादाने मला फोन केला. मी दिवसभराच्या गर्दीने थकलेलो होतो. "कोर्स पूर्ण कर, साखर सांभाळ, बरं वाटेल," असे सांगून मी फोन ठेवला. हीच माझी चूक. 'गेल्या दोन महिन्यांत कुठे होतास?' हा एक प्रश्न मी विचारला नाही.

तो प्रश्न अखेर तिसऱ्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेने विचारला. परवान्यावर पत्ता साउथ डकोटाचा, म्हणून आधीच्या दोघांनी हा थंड प्रदेशातला माणूस असे धरून उपचार केले होते. ॲरिझोनाचे नाव निघताच रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि निदान झाले, 'व्हॅली फीव्हर'.

हा बुरशीचा आजार आहे. कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा कोरड्या भागांतल्या मातीत असते. धुळीबरोबर ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि एक ते तीन आठवड्यांनी लक्षणे दिसतात. एकापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही. अनेकजण औषधाशिवायही बरे होतात, पण मधुमेही माणसाला तो जड जाऊ शकतो. नेहमीच्या अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नसतो, बुरशीवरचे औषध लागते. दादाने ते सहा महिने घेतले. हाच रुग्ण मागचे काही न सांगता माझ्या दवाखान्यात आला असता, तर ताप, घाम, खोकला आणि वजनातली घट पाहून मी क्षयाच्याच मागे लागलो असतो.

आजारपणाचे तीन आठवडे दोघांनी टेक्सासातल्या लिव्हिंग्स्टन गावात काढले. गाडीत राहणाऱ्यांची एस्केपीज नावाची संघटना १९७८ पासून आहे, तिचे मुख्य ठाणे या गावात आहे. आजारी आणि थकलेल्या सभासदांसाठी तिथे एक केंद्र आहे. आपली गाडी तिथे लावायची, गाडीतच राहायचे आणि जेवणाखाणाची, देखभालीची मदत घ्यायची. वहिनी म्हणाल्या, "परक्या मुलखात माहेर भेटल्यासारखं झालं." आणि इथेच, दादाला बरे वाटू लागल्यावर, त्यांनी स्वतःचे दुखणे पहिल्यांदा उच्चारले.

वहिनींचे 'काहीच नाही'

वहिनींची पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती. नोव्हेंबरात त्यांना कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. मग डिसेंबरात पुन्हा, जानेवारीत पुन्हा. त्यांनी कोणाला सांगितले नाही. कारणे विचारली तेव्हा त्यांनी एकेक करून सांगितली. दादाचे आजारपण. परक्या गावात परक्या डॉक्टरकडे असली तपासणी करून घेण्याची लाज. आणि विमा. अमेरिकेत ६५ वर्षे पूर्ण झाली, की मेडिकेअर ही सरकारी योजना मिळते. दादाची योजना कोणत्याही राज्यात चालणारी होती. वहिनींचे वय बसत नव्हते. त्यांचा खासगी विमा कागदोपत्री पत्त्याच्या राज्यापुरता, बाहेर फक्त तातडीच्या उपचारांना चालणारा. "हे काही तातडीचं नव्हतं ना, भाऊजी," त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये त्यांनी लेकीला फोन केला. लेक विमानाने आली आणि आईला घेऊन गेली. दादा एका मित्राच्या सोबतीने गाडी घेऊन मागून पोचला. पत्ता बदलून लेकीच्या गावचा केला, त्यामुळे तिथला नवा विमा घेता आला. तपासणीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला. सुदैवाने तो गर्भाशयाबाहेर गेला नव्हता. मेअखेरीस गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या तपासण्या आतापर्यंत चांगल्या आहेत. गाडी जूनमध्ये विकली.

भगिनींनो, हा परिच्छेद नीट वाचा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना वाचून दाखवा. शेवटच्या पाळीला पूर्ण वर्ष झाल्यानंतर अंगावरून रक्त जाणे, मग तो एक डाग का असेना, कधीही नैसर्गिक नसते. 'उष्णता झाली', 'पाळी परत आली' असे म्हणून थांबू नका. अशा दहा बायकांची तपासणी केली, तर साधारण नऊजणींत कारण साधे निघते आणि एकीला कर्करोग असतो. ती एक कोण, हे बाहेरून कळत नाही. सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासणे, एवढ्यावर बहुतेक निदान होते. वजन जास्त असेल, मधुमेह असेल, तर धोका अधिक. लवकर कळले, तर हा कर्करोग बहुधा शस्त्रक्रियेने बरा होतो.

आपली चाके

आपल्याकडे अशा गाड्या नाहीत, पण चाकांवरची माणसे पुष्कळ आहेत. चार महिने थोरल्याकडे पुण्याला, चार महिने धाकट्याकडे ठाण्याला आणि उरलेले गावी, असे राहणारे आई-वडील माझ्या दवाखान्यात रोज येतात. प्रत्येक मुलाचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाची गोळी वेगळी. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन नावे म्हणून दोन्ही गोळ्या घेणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास घर सोडून उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडावर राहणाऱ्या कुटुंबांची तऱ्हा तर याहून कठीण. तिथल्या बायका अंगावर काय काय काढतात, ते त्यांनाच ठाऊक.

आणि 'कुठे होतात?' हा प्रश्न इथेही तेवढाच मोलाचा आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तिकडे काजूच्या बागेत राहून आलेला माणूस तापाने फणफणला आणि त्याने ते सांगितलेच नाही, तर इथल्या डॉक्टरला ते सुचणार कसे? भातखाचरातून आलेल्याला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, जंगलभागातून आलेल्याला मलेरिया.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. एक वही करा. पहिल्या पानावर आजार, शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि चालू गोळ्यांची नावे. गोळ्यांचे रिकामे पाकीटही बरोबर ठेवा. वही माणसाबरोबर हिंडली पाहिजे, कपाटात राहता कामा नये.

२. डॉक्टर कितीही बदलोत, सगळे कागद पाहणारा एक डॉक्टर कायम ठेवा. तीन महिन्यांतून एकदा त्याच्याकडे जा.

३. ताप आला, तर गेल्या दोन महिन्यांत कुठे राहिलात, काय काम केले, ते डॉक्टरने न विचारताही सांगा.

४. घरात एकजण आजारी असेल, तर त्याची सेवा करणाऱ्याचीही तपासणी करून घ्या. बहुधा ती घरातली बाई असते, आणि विचारले तर 'मला काहीच नाही' असेच सांगते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी वहिनींना विचारले, "गाडी विकल्याचं वाईट वाटतं?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "नातवंडांचे ते पंधरा दिवस कुठल्या घरात मिळाले असते? चूक गाडीची नव्हती, भाऊजी. मी बोलले नाही, ही चूक."

माझ्या चुकीवर मी एक उपाय केला आहे. दवाखान्यातल्या माझ्या टेबलावर एक कागद चिकटवला आहे आणि त्यावर दोन प्रश्न लिहिले आहेत. 'कुठे होतात?' आणि 'घरी बाकीच्यांचे कसे आहे?' आता रुग्ण कितीही असले तरी दोन्ही विचारतो. तुमच्या डॉक्टरने विचारले नाहीत, तर तुम्हीच होऊन सांगा.