अंतराळयात्रेची मुद्रा

इ. स. १७०८ मध्यें छत्रपति शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या परिसरास मराठी राज्याच्या राजधानीचा मान मिळाला. त्या राज्याचे जुने कागद ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस ठाऊक आहे कीं, मजकुराइतकेंच महत्त्व त्यावरील मुद्रेस असे. शिवछत्रपतींची मुद्रा अष्टकोनी होती. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी, अशी तिची तुलना तिच्यावरील संस्कृत लेखांतच केलेली आहे. पत्राच्या अखेरीस मात्र दुसरी एक लहान मुद्रा उमटवीत. तिला मर्यादेची मुद्रा म्हणत. कागद येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षरही वाढवूं नये, असा तिचा अर्थ. पहिली मुद्रा वचन देई आणि दुसरी त्या वचनाची सीमा आंखून देई.

चंद्रकोरीची उपमा देणारी ती मुद्रा आज आठवण्याचें कारण असें कीं, पृथ्वी सोडून अंतराळांत जाणारीं माणसेंही आपल्या छातीवर एक मुद्रा लावून जातात. हाताच्या पंजाएवढा, रंगीत धाग्यांनीं भरलेला तो कापडी बिल्ला असतो. त्यावर एखादें चित्र, मोहिमेचें नांव आणि बहुधा यात्रिकांचीं नांवें असतात. यानाच्या गतीशीं, इंधनाशीं किंवा श्वासाच्या हवेशीं या बिल्ल्याचा कांहींएक संबंध नाहीं. तो नसला तरी यान उडेल. मग इतक्या मोठ्या व जोखमीच्या कामाच्या तयारींत या लहानशा चित्रासाठीं विचारवंत माणसें वेळ कां घालवितात?

याचें उत्तर या प्रथेच्या आरंभींच सांपडतें. ऑगस्ट १९६५ मध्यें अमेरिकेचें जेमिनी ५ हें यान गॉर्डन कूपर व चार्ल्स कॉनरॅड या दोघांस घेऊन निघावयाचें होतें. पूर्वीं कोणीही आठ दिवस अंतराळांत राहिलेलें नव्हतें; तेवढे दिवस राहून दाखविण्याचा या दोघांचा निर्धार होता. अमेरिकेच्या पश्चिम भागांत वस्ती करण्यास निघालेले लोक ज्या छपराच्या गाड्यांतून जात, तसल्या गाडीचें चित्र त्यांनीं बिल्ल्यावर काढविलें आणि आठ दिवस पुरे करूं, नाहींतर मोडून पडूं, अशा अर्थाचे शब्द त्यावर घातले. वरिष्ठांस हें रुचलें नाहीं. मोहीम सहाव्या दिवशींच आटोपावी लागली तर जगांत हंसें होईल, ही त्यांची शंका. अखेर तडजोड झाली. बिल्ला लावावा, परंतु ते शब्द कापडाच्या तुकड्यानें झांकावे आणि आठ दिवस पार पडल्यावरच उघडे करावे! सुदैवानें मोहीम जवळजवळ पूर्ण आठ दिवस चालली. वचनाची मुद्रा आणि मर्यादेची मुद्रा या दोहोंची गांठ अशी एकाच बिल्ल्यावर पडली. तेव्हांपासून प्रत्येक मोहिमेस तिचें स्वतंत्र चिन्ह असावें, असा अमेरिकेंत प्रघातच पडला.

चिन्हाची आखणी करणें सोपें काम नाहीं. सामान्यतः यात्रिक स्वतःच कल्पना सुचवितात, चित्रकार ती कागदावर उतरवितो आणि मोहीम चालविणारी संस्था तिला मान्यता देते. चित्र सुईदोऱ्यानें भरावयाचें असल्यामुळें रेषा थोड्या व रंग ठळक असावे लागतात. शिवाय एका रेषेचा अर्थ जग कसा लावील, याचाही विचार करावा लागतो. १९६९ सालीं चंद्रावर प्रथम उतरणाऱ्या अपोलो ११ च्या चिन्हासाठीं मायकेल कॉलिन्स यांनीं चंद्रावर उतरणाऱ्या गरुडाचें चित्र योजिलें व शांततेची खूण म्हणून त्याच्या चोंचींत ऑलिव्ह वृक्षाची डहाळी दिली. परंतु गरुडाच्या उघड्या नख्या पाहून तो एखाद्या भक्ष्यावर झडप घालीत आहे, असा भास होऊं लागला. तेव्हां डहाळी चोंचींतून काढून नख्यांत देण्यांत आली आणि त्या जागेच्या बदलानें चित्राचा उग्रपणा गेला. तिघां यात्रिकांचीं नांवेंही त्या चिन्हावर मुद्दाम घातलीं नाहींत. ज्या हजारों माणसांनीं या कामीं हात लावला, त्या सर्वांचें तें चिन्ह व्हावें, हा हेतु.

एकाच राष्ट्राचें चिन्ह काढतांना एवढा विचार करावा लागतो, तर अनेक राष्ट्रांच्या मोहिमेची गोष्ट काय सांगावी! जुलै १९७५ मध्यें अमेरिकेचें अपोलो व सोव्हिएट रशियाचें सोयूझ हीं यानें अंतराळांत एकमेकांस जोडलीं गेलीं. त्या मोहिमेच्या चिन्हावर एका यानाचें नांव रोमन लिपींत व दुसऱ्याचें रशियन लिपींत घातलें होतें. परंतु दोन लिप्या एका वर्तुळांत शेजारीं बसविणें जितकें सोपें, तितकें तीं यानें जोडणें सोपें नव्हतें. अपोलोमध्यें कमी दाबाचा शुद्ध प्राणवायु भरलेला असे, तर सोयूझमध्यें आपल्या श्वासांतल्यासारखी साधी हवा असे. एकांतून दुसऱ्यांत माणूस एकदम गेला तर त्याच्या जिवास धोका. म्हणून दोन घरांमध्यें जशी देवडी असावी तशी एक बंद खोली मध्यें जोडावी लागली. तेथें थांबून हवेचा दाब हळूहळू बदलावयाचा आणि मग पुढें जावयाचें. भाषेचीही तशीच देवडी बांधावी लागली. अमेरिकन यात्रिक रशियन शिकले, रशियन यात्रिक इंग्रजी शिकले, आणि प्रत्येकानें दुसऱ्याच्या भाषेंत बोलावें असें ठरलें. कारण ऐकणारास आपली भाषा लवकर समजते.

भारताचा पहिला अंतराळयात्रिकही अशाच परक्या भाषेच्या उंबऱ्यावरून गेला. राकेश शर्मा व रवीश मल्होत्रा या आपल्या वायुदलांतील दोन वैमानिकांची निवड १९८२ सालीं झाली आणि मॉस्कोजवळील गागारिन प्रशिक्षण केंद्रांत त्यांची तालीम सुरू झाली. शिक्षण रशियन भाषेंत आणि यानांतील कळींवरचीं अक्षरेंही रशियन. तेव्हां प्रथम भाषा शिकणें आलें. मग मोठ्या चाकाच्या टोंकाशीं बसवून गरगर फिरवीत व शरीरावर पडणारा भार कित्येक पट वाढवीत. उड्डाणाच्या व परतीच्या वेळीं छातीवर येणारें दडपण सोसण्याचा हा सराव. यान भलत्याच ठिकाणीं उतरलें तर रानांत, बर्फांत किंवा पाण्यांत कसा निभाव लावावा, हेंही शिकवीत. सोयूझ यानांतील बैठक तर प्रत्येकाच्या शरीराबरहुकूम करावी लागते. गणपतीची मूर्ति करणारा कारागीर जसा सांचा घेतो, तसा यात्रिकाच्या पाठीचा सांचा प्लास्टरमध्यें घेतात व त्यावरून आसन घडवितात. जमिनीवर उतरतांना बसणाऱ्या आघातानें पाठीचा कणा मोडूं नये म्हणून ही काळजी.

३ एप्रिल १९८४ रोजीं शर्मा हे यूरी मालिशेव व गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासह सोयूझ टी-११ यानांतून निघाले व सल्यूत ७ या अंतराळस्थानकांत सुमारें आठ दिवस राहून ११ एप्रिलला परत आले. तेथून त्यांनीं भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं आणि वजनरहित अवस्थेंत योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचेही प्रयोग केले. मल्होत्रा यांनीं तीच सर्व तयारी केली होती, तीच भाषा ते शिकले होते, परंतु राखीव यात्रिक म्हणून ते भूमीवरच राहिले. मोहिमेच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख एका ओळीचा असतो. पण राखीव माणूस तितकाच तयार नसेल, तर निघणाऱ्या माणसाची तयारी पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं.

सांगली जिल्ह्यांत मिरजेस तंबोरा करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या हातचा तंबोरा चार तारांचा असतो. चारही तारा उत्तम असल्या तरी तेवढ्यानें तो बोलत नाहीं. प्रत्येक तार घोडीवर जेथें टेंकते तेथें तिच्याखालीं दोरा सरकवून जवारी जमवावी लागते. मग चार तारा आपापला स्वर न सोडतां एकच नाद देऊं लागतात. आंतरराष्ट्रीय मोहिमेची तालीम याहून निराळी नाहीं. जून २०२५ मध्यें निघालेल्या अ‍ॅक्झिऑम ४ या मोहिमेंत यात्रिक चारच होते: नायिका अमेरिकेच्या पेगी व्हिट्सन, यानचालक भारताचे शुभांशु शुक्ला, आणि त्यांचे सहकारी पोलंडचे स्लावोश उझ्नान्स्की-विश्निएव्स्की व हंगेरीचे टिबोर कापू. पोलंडचा पहिला यात्रिक १९७८ सालीं, हंगेरीचा १९८० सालीं व भारताचा १९८४ सालीं गेला होता, आणि तिघेही सोव्हिएट यानांतूनच गेले होते. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळानें या तिन्ही राष्ट्रांचीं माणसें एकाच यानांतून पुन्हा निघालीं.

शुक्ला यांनीं गागारिन केंद्रांत भारताच्या गगनयान योजनेसाठीं २०२० ते २०२१ मध्यें शिक्षण घेतलें होतें. पुढें या मोहिमेसाठीं अमेरिकेंत पुन्हा तालीम झाली. त्यांच्या स्वतःच्या बिल्ल्याची आखणी लखनौ येथील त्यांच्याच एका शाळासोबत्यानें केली. सोबत भारतीय शास्त्रज्ञांचे सात प्रयोग होते. त्यांपैकीं एक धारवाडच्या कृषि विद्यापीठाच्या सहभागानें आंखलेला, मूग व मेथी यांस अंतराळांत मोड कसे येतात हें पाहण्याचा. डब्यांत गाजरहलवा, मूगडाळीचा हलवा व आमरसही होता.

परंतु या मोहिमेची खरी परीक्षा उड्डाणापूर्वींच झाली. २५ मेपासून चौघेही रोगसंसर्ग टाळण्यासाठीं विलग राहत होते. ११ जूनच्या नियोजित उड्डाणापूर्वीं अग्निबाणाची चांचणी घेतां त्यांत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. व्ही. नारायणन यांच्या नेतृत्वाखालीं तेथें गेलेल्या भारतीय मंडळानें, गळती दुरुस्त करून पुन्हा चांचणी घेतल्यावांचून उड्डाण होऊं नये, असा आग्रह धरला. उड्डाण लांबलें. पुढें स्थानकाच्या एका रशियन भागांतील हवेच्या दाबाची तपासणी करण्यासाठीं आणखी थांबावें लागलें. बिल्ले तयार होते, यात्रिक तयार होते, तीन राष्ट्रें वाट पाहत होतीं; तरीही तारीख पुनःपुन्हा पुढें ढकलली गेली. शेवटीं २५ जूनला दुपारीं बाराच्या सुमारास, आपल्या घड्याळाप्रमाणें, यान निघालें. दुसऱ्या दिवशीं स्थानकास जोडलें गेलें, आणि १५ जुलैला चौघेही पॅसिफिक महासागरांत सुखरूप उतरले.

हें थांबणें किती मोलाचें होतें, हें समजण्यासाठीं एका दुसऱ्या चिन्हाकडे पाहावें लागतें. कोलंबिया यानाच्या २००३ मधील मोहिमेचा बिल्ला यानाच्याच आकाराचा होता. त्यावर क्षितिजावर उगवणारा सूर्य व कपोत नांवाच्या तारकापुंजाचे सात तारे होते. कपोत हा शांतीचा दूत, आणि यात्रिकही सातच. इस्राएलच्या पहिल्या अंतराळवीराच्या नांवाशेजारीं त्याच्या देशाचा ध्वज होता, आणि कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला यांचें नांवही त्याच कांठावर होतें. १६ जानेवारीस यान निघालें तेव्हां इंधनाच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रें घ्यावीं अशी कांहीं अभियंत्यांची मागणी होती. ती वरपर्यंत टिकली नाहीं. १ फेब्रुवारीस परत येतांना त्या छिद्रांतून तप्त वायु आंत शिरला, यान भंगलें आणि सातही जण गेले. त्या बिल्ल्यावरील एकही रेषा चुकलेली नव्हती. जी सूचना ऐकावयास हवी होती, तेवढी मात्र ऐकली गेली नाहीं.

यावरून चिन्हाचें खरें मोल ध्यानांत येतें. चिन्ह हें वचन आहे: ज्यांचीं नांवें कांठावर आहेत ते एकमेकांस, आणि ज्यांचीं नांवें त्यावर नाहींत ते अभियंते व कारागीर त्या सर्वांस, तें देतात. त्या वचनाची मर्यादामुद्रा म्हणजे तयारी. आणि तयारी म्हणजे केवळ व्यायाम व भाषा नव्हे. गैरसोयीची सूचना ऐकून घेण्याची व वेळ आल्यास थांबण्याची संवयही तयारींतच मोडते.

शर्मा व शुक्ला हे दोघेही पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. त्या प्रबोधिनीसाठीं मुलें तयार करणाऱ्या सैनिकी शाळांपैकीं देशांतील पहिली शाळा १९६१ सालीं साताऱ्यास निघाली. अंतराळाची वाट सातारा-सांगलीच्या मुलांस परकी नाहीं, हें यावरून दिसतें. एखाद्या वर्गांतील मुलानें आपल्या वहीच्या पाठीवर भावी मोहिमेचा बिल्ला रंगविला तर त्यास कोणीं हंसूं नये. मात्र वहीच्या आंतील गणित चुकलें असेल आणि शेजारच्या मुलानें तें दाखवून दिलें, तर न रागावतां तें पुन्हा करावें, एवढें त्यास सांगावें. प्रतिपदेची कोर वाढते ती रोज थोडीथोडी. त्या मुलाची तयारीही अशीच वाढावयाची आहे.