न वाचता आलेली वही आणि मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’

‘मदर इंडिया’ हे नाव आज आपण अभिमानाने घेतो. पण ते मुळात आलं एका बदनामीतून. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये याच नावाच्या पुस्तकात हिंदुस्थानी समाजाची नालस्ती केली होती. गांधीजींनी त्याला गटार तपासनीसाचा अहवाल म्हटलं. तीस वर्षांनी मेहबूब खान यांनी तेच नाव मुद्दाम उचललं. दिल्लीच्या सरकारलाही आधी शंका आली, पटकथा मागवली गेली. पण १९५७ साली चित्रपट आला आणि नावाचा अर्थच पालटला.

मेहबूबसाहेबांचा जन्म १९०७ चा, गुजरातमधला. शिक्षण नावापुरतं. मुंबईत आले ते नट व्हायला. मूकपटांच्या जमान्यात गर्दीत उभं राहण्याची कामं केली. १९३५ मध्ये सागर मूव्हीटोनच्या ‘अल हिलाल’पासून दिग्दर्शक झाले. पुढे स्वतःची निर्मिती संस्था काढली, ‘अनमोल घडी’, ‘अंदाज’, ‘आन’ असे गाजलेले चित्रपट दिले, वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ उभारला. संस्थेचं बोधचिन्ह विळा-हातोड्याचं, आणि त्यासोबत ऐकू येणारा उर्दू शेर मात्र अल्लाहच्या मर्जीवर भिस्त ठेवणारा! कष्टकऱ्यांची बाजू घ्यायला ईमान आडवं येतं असं त्यांना कधी वाटलं नसावं.

‘मदर इंडिया’ची गोष्ट त्यांनी आधीही सांगितली होती, १९४० च्या ‘औरत’मध्ये. दोन्हीकडे सावकार सुखीलाला कन्हैयालाल यांनीच रंगवला. दुसऱ्या वेळी नर्गिस, सुनील दत्त, राजकुमार होते, संवाद वजाहत मिर्झा आणि अली रझा यांचे, गीतं शकील बदायुनी यांची, संगीत नौशाद यांचं. ऑस्करच्या परदेशी भाषेतील चित्रपटांच्या विभागात अंतिम यादीत पोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट.

लोकांना आठवते ती पोटच्या पोरावर गोळी झाडणारी राधा. आम्ही शिक्षक असल्यामुळे असेल, आमची नजर मात्र सावकाराच्या वहीवर जाते. लग्नासाठी सासूने जमीन गहाण टाकलेली. अटी काय ठरल्या यावर वाद होतो, पंचायत बसते आणि निकाल सुखीलालाच्या बाजूने जातो. घरात कुणाला वाचता येत नाही, मग कागदावर काय लिहिलंय ते सावकारच सांगणार! पुढे बिरजू बंड करतो, त्याचा राग अखेर त्या वह्यांवरच निघतो. त्या जळतात, पण तोवर घर उद्ध्वस्त झालेलं असतं. ज्या माणसाला स्वतःला शाळा फारशी मिळाली नाही, त्याने निरक्षरतेची किंमत इतकी नेमकी दाखवावी, हे आम्हाला त्या भव्य पूरदृश्यापेक्षा मोठं वाटतं.

१९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २८ मे १९६४ रोजी, पंडित नेहरूंच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, ते अल्लाहला प्यारे झाले.

चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. मुलांना घेऊन बसणार असाल तर पंचायतीचा प्रसंग घाईत पुढे ढकलू नका.